चाळणीतली हवा

भर दुपारी सगळं घर निजलं होतं, माशीसुद्धा हलत नव्हती, आणि दार थाड्‌कन वाजलं. माझा धाकटा नेल्लो दचकून उठला. ओठ काढले, पण रडला नाही. दाराकडे टक लावून बघितलं आणि म्हणाला, “पुन्हा.”

नवं दार बसवणारा सुतार हसला आणि त्याने पुन्हा वाजवलं.

त्या दिवसापासून ते दार नेल्लोचं झालं. खरं म्हणजे दारं दोन होती, एकामागे एक, मधे एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा. पहिलं उघडायचं, आत यायचं, ते मिटू द्यायचं, मग दुसरं. दोन्हींना बारीक तारेची जाळी आणि दोन्हींना अशी कडक स्प्रिंग की हात सोडला की आपणच मिटणार. खिडक्यांना जाळी, धुराड्याच्या तोंडालाही जाळी. दलदलीतून जाणाऱ्या आमच्या रेल्वे-लाइनीवरच्या फाटकांची काही घरं या वसंतात रोमच्या डॉक्टरांनी अशी वरून खालपर्यंत तारेत गुंडाळली, त्यांतलं एक आमचं.

ओरेस्ते म्हशी घेऊन फाटकातून जायचा, तो घोड्यावरूनच मला ओरडला, “काय सोरा एर्सिलिया, खुराडं झकास झालंय! आज अंडी घातलीत की नाही?”

“घातली ना,” मी म्हटलं. “पण तुझ्यासारखा कोल्हा दारात असताना कोण बाहेर काढणार?”

माझा नवरा सेत्तिमियो रुळांचे बोल्ट आवळत होता, तो तिथूनच खो खो हसला.

आम्ही हसण्यावारी नेत होतो, पण माझा जीव त्या जाळीत अडकला होता. आमच्याकडे गवत कापून झालं की ज्याला शक्य आहे तो तापाच्या भीतीने डोंगरावर जातो. स्टेशनमास्तरसुद्धा संध्याकाळच्या गाडीने वर झोपायला जायचे. राहायचे ते फाटकवाले, म्हशीवाले आणि कापणीला आलेले, पेंढ्याच्या झोपड्यांत राहणारे लोक. मुलं मात्र वर. माझी थोरली झेलिंदा जन्मली तेव्हापासून दर जूनमध्ये मी तिला वर नोर्मा गावी माझ्या आईकडे पोचवत होते आणि नोव्हेंबरात सर्व संतांचा सण झाला की खाली आणत होते. तिने पहिलं पाऊल डोंगरावर टाकलं, पहिला शब्द डोंगरावर बोलली. दोन्ही मला निरोपाने कळलं. गेल्या उन्हाळ्यात नेल्लोला अंगावरून तोडून वर पाठवलं. परत आणला तर मला ओळखेना. माझ्या आईच्या पदराआड लपून माझ्याकडे असा बघत होता, जशी मी भाजीवाली.

आणि या वर्षी डॉक्टर तोरेल्ली म्हणाले, “कशाला वर पाठवता? मुलं इथेच ठेवा. सूर्य मावळायच्या आत जाळीच्या आत, सूर्य वर आला की बाहेर. एवढं पाळा, तुमच्या घरात ताप येणार नाही.”

मी दोनदा विचारलं. ते दोनदा हो म्हणाले. मग मी आईला कळवलं, यंदा मुलं येणार नाहीत.

डॉक्टरांबरोबर एक इंग्रज आला होता. उंच, उन्हाने भाजून लाल झालेला. आमची भाषा तो पाद्र्याच्या प्रवचनासारखी बोलायचा, पण बोलायचा. जाळी ठोकून होईपर्यंत तो अंगणात माझ्या सासूपाशी बसला. तिला मुलांच्या मागून आम्ही सगळेच नोन्ना, म्हणजे आजी, म्हणायचो. ती चिकोरीची पानं निवडत होती.

“आजीबाई,” तो म्हणाला, “या आजाराला तुम्ही काय म्हणता?”

“माल-आरिया. दुसरं काय म्हणणार? वाईट हवा.”

त्याचा चेहरा फुलला. “आमच्या भाषेतही हाच शब्द आहे. तुमच्याकडूनच नेलेला. पूर्वी आमचे श्रीमंत लोक रोमचे जुने खांब बघायला यायचे, इथे तापाने पडायचे, आणि घरी पत्रं लिहायचे. त्या पत्रांतून गेला.”

“पडके खांब बघायला?” नोन्ना म्हणाली. “तुमच्याकडे दगड नव्हते का?” मग पान खुडता खुडता तिने विचारलं, “म्हणजे तुमच्याकडेही हवा वाईट आहे तर.”

“नाही, हवा नाही नेली. शब्द नेला. त्याच्यात हवा आहे हे आमच्याकडे फारसं कुणाला ठाऊकच नाही. मलेरिया म्हटलं की झालं, एका आजाराचं नाव.”

“अर्थाशिवाय नाव? मग पळायचं कशापासून ते कळतं कसं?”

इंग्रज हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. त्याने विचारलं, ही हवा असते तरी कशी. नोन्नाने हातातली पानं खाली ठेवली. या विषयावर तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि माहिती तर तिला सगळ्यात जास्त होती. नवरा आणि तीन लेकरं तिने याच दलदलीत घालवली होती; माझा सेत्तिमियो तेवढा उरला होता.

“ती दिवसातून दोनदा उठते,” नोन्ना सांगू लागली. “पहाटे आणि संध्याकाळच्या घंटेला. भिजत घातलेला ताग कुजतो ना, तसा वास, पण आत गोडसर. आधी घोट्यापर्यंत येते, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. म्हणून पोरांना आधी लागते, ती बुटकी असतात. संध्याकाळी पोराला उंच धरावं. आणि घरात शिरली की खाटेखाली जाऊन बसते, मांजरासारखी.”

“हवा नव्हे, आजीबाई,” डॉक्टर शिडीजवळून म्हणाले. “डास. डास एकाचं रक्त पितो आणि दुसऱ्याला विष देतो.”

“डास मला जन्मभर चावतायत, डॉक्टरसाहेब, आणि मी ही बसले. माझी तीन पोरं गेली, त्यांना काय वेगळे डास होते?”

डॉक्टरांना घाई होती. त्यांनी खिडकीच्या जाळीवर बोट वाजवलं. “ही बघा. हिच्यातून डास येत नाही.”

“आणि हवा?”

“हवा येईल की. खुशाल येऊ द्या.”

नोन्नाने छातीवर क्रूस केला आणि पानं पुन्हा मांडीवर घेतली.

तो जून, तो जुलै मी कधी विसरणार नाही. लग्न होऊन आल्यापासून उन्हाळ्याची रात्र म्हणजे बंद खिडक्या, बंद दार, घामाने थबथबलेल्या चादरी, आणि नोन्नाने जाळलेल्या रोझमेरीचा धूर. या वर्षी मी पहिल्यांदा खिडक्या उघड्या टाकून झोपले. समुद्राकडून वारा यायचा. जाळीबाहेर डासांचा ढग गुणगुणत असायचा आणि आत माझी दोन्ही लेकरं उघड्या पोटांनी झोपलेली. नेल्लो झोपेत माझा अंगठा धरायचा. मी तो सोडवून घ्यायची नाही. हात आखडला तरी नाही. नवा शब्द रोज एखादा फुटत होता आणि तो मला निरोपाने कळत नव्हता. “म्हैस” म्हणायला लागला तेव्हा ओरेस्तेला बघूनच म्हैस म्हणाला. ओरेस्ते घोड्यावरून उतरून त्याच्या पाया पडला. “पोरगं हुशार आहे, सोरा एर्सिलिया. बापावर नाही गेलं.”

नोन्नाला मात्र झोप नव्हती. ती रात्री उठून मुलांच्या खाटांखाली वाकून बघायची. एकदा सकाळी मी मक्याचं पीठ चाळत होते तर समोर येऊन बसली.

“एर्सिलिया, चाळणीतून खाली काय पडतं?”

“पीठ.”

“आणि वर काय राहतं?”

“कोंडा.”

“मग?” तिने खिडकीच्या जाळीकडे हनुवटी केली. “चांगली हवा पातळ असते, ती येते नि जाते. वाईट जड. ती एकदा आत आली की या चाळणीत अडकते, बाहेर पडत नाही. रोजचा कोंडा घरात साठतोय, पोरी.”

“नोन्ना, अहो हवेला कुठला आलाय कोंडा!”

“डॉक्टर म्हणाला?”

“डॉक्टर म्हणाले, हवेत वाईट असं काही नसतंच.”

“मग हे नाव ठेवलं कुणी, वेड्यांनी?”

मी हसले. तिच्या गालाला पिठाचा हात लावला आणि म्हटलं, “एवढा एक उन्हाळा माझं ऐका. मला माझी मुलं माझ्याजवळ हवीत.” ती काही बोलली नाही. आमच्याकडे म्हातारी माणसं गप्प बसली की ती मानली, असं आपण धरून चालतो.

संध्याकाळचं फाटक माझ्याकडे होतं. सेत्तिमियो त्या वेळी कंदील घेऊन पुलापर्यंत लाइन तपासायला जायचा. गाडी यायची ती नेमकी नोर्माच्या चर्चच्या घंटेच्या सुमाराला, म्हणजे डॉक्टरांनी बाहेर पडू नका म्हणून सांगितलेल्या वेळेला. पण गाडीला कोण सांगणार? कंपनीने मला टोपीवरून छातीपर्यंत येणारी काळी जाळी आणि जाड हातमोजे दिले होते. मी ते चढवले की नेल्लो खिदळायचा, माझ्या पोटात बोट खुपसून “मधमाशी, मधमाशी” करायचा.

मी बाहेर पडले की थाड्, थाड्. दोन दारं, दोन आवाज. घराचं दार मागच्या बाजूला, शेतांकडे तोंड करून; फाटकावरून ते दिसायचं नाही. म्हणून मी दांडा खाली घेऊन उभी राहायची ती कान घराकडे लावून. दार वाजलं नाही, म्हणजे कुणी दार उघडलं नाही. डोंगरावरून घंटा यायची, मग गाडी धडधडत जायची, मी दांडा वर करून परत फिरायची. थाड्, थाड्. आतून नेल्लो ओरडायचा, “पुन्हा!” रोज. मी निर्धास्त होते.

ऑगस्टच्या मध्यावर झेलिंदाला थंडी भरली. दात वाजायला लागले. मी म्हटलं, विहिरीच्या पाण्यात खेळली असेल. नोन्नाने तिच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं फक्त. नंतर नेल्लो.

तापावरचं कोयनेल घरात होतं. झेलिंदाने डोळे मिटून, नाक दाबून गिळलं. नेल्लोला मधातून दिलं, दुधातून दिलं, माझ्या बोटावरून दिलं. तो तोंडात धरायचा आणि मग बाहेर वाहू द्यायचा. ओठांच्या कडेने, काही न बोलता, माझ्याकडे बघत. जसं काही ते कडू मीच केलं होतं. मी ते बोट चाटून साफ करायची. ती चव अजून मला भाकरीत येते, वाइनमध्ये येते.

झेलिंदाचा ताप उतरला. नेल्लोचा ताप नुसता चढतच राहिला. शेवटी त्याला डोळे उघडता येईनात तेव्हा सेत्तिमियोने त्याच्यासाठी दार वाजवलं. थाड्. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. सेत्तिमियोने पुन्हा वाजवलं. मग मीच म्हटलं, पुरे.

त्याला रुळावरच्या ट्रॉलीतून स्टेशनापर्यंत नेलं आणि तिथून खेचरावरून वर, पुरायला. जूनमध्ये ज्याला डोंगरावर पाठवला नाही, त्याला ऑगस्टमध्ये पाठवला. माझी आई वाटेवर उभी होती. ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

परत आल्यावर सेत्तिमियोने पक्कड घेतली आणि जाळी उपटायला निघाला. “खोटारडे! मेले खोटारडे! त्यांच्या पोरांवर करून बघायचं होतं!” मी त्याचा हात धरला. माझा जाळीवर विश्वास उरला होता असं नाही. पण झेलिंदा आत होती आणि दुसरं काही आमच्याजवळ नव्हतं. ओरेस्ते त्या दिवसात फाटकातून जाताना टोपी काढायचा आणि अंड्यांचं काही बोलायचा नाही. एकदा नुसतंच ताजं रिकोत्ता चीज कठड्यावर ठेवून गेला.

सप्टेंबरात डॉक्टर तोरेल्ली आले, बरोबर तोच इंग्रज. लाइनीवरच्या बाकीच्या जाळीच्या घरांत कुणालाही ताप आला नव्हता. हे त्यांनी मला सांत्वन करायच्या आधी सांगितलं. मग सांत्वन केलं. मग खिडक्यांच्या जाळ्या बोटाने चाचपत घरभर फिरले. एकही भोक सापडलं नाही.

“दार उघडं राहिलं असणार,” ते म्हणाले.

“नाही राहिलं.”

“कधीतरी. गरम होतं म्हणून. पोरं कटकट करतात म्हणून. बाई, मला खरं सांगा, मी रागावणार नाही. तुम्ही लोक ऐकल्यासारखं करता, नि पाठ फिरली की आपलंच करता.”

“माझ्या मेलेल्या लेकराची शपथ घेऊन सांगते, डॉक्टरसाहेब. आम्ही संध्याकाळचं दार उघडलं नाही. मी बाहेर जायची ती एकटी, दोन दारं मिटून. तेवढंच.”

“मग ताप आला कुठून?”

“ते तुम्ही सांगायचं. मूल इथे ठेवा असं तुम्ही म्हणाला होतात.”

इंग्रज खिडकीबाहेर बघत राहिला. नोन्ना चुलीपाशी जपमाळ ओढत होती. बोलता बोलता ऊन कललं आणि डॉक्टर स्वतःच म्हणाले, आता बाहेर पडणं बरं नव्हे, रात्र इथेच काढू. मी त्यांच्या पुढ्यात अडकले होते म्हणून फाटक सेत्तिमियोने घेतलं. तो गेला. थाड्, थाड्.

या उन्हाळ्यात घंटेच्या वेळी मी घरात होते ती पहिल्यांदाच.

डोंगरावरून पहिला ठोका आला. झेलिंदा खाटेवरून उतरली. तापाने ती काडीसारखी झाली होती. लाकडांच्या पेटीमागे हात घालून तिने फडक्यात गुंडाळलेली एक वीट ओढून काढली, दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि दाराजवळ जाऊन उभी राहिली.

“नोन्ना,” ती म्हणाली, “घंटा झाली. आज हवेला बाहेर नाही काढायचं?”

डॉक्टरांनी मान वळवली.

“काढायची ना,” नोन्ना म्हणाली. “पाहुण्यांना जरा बाजूला होऊ दे.” ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. तिच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. दारापाशी गेली, आतलं दार उघडून विटेने अडवलं, बाहेरचं आपल्या पाठीने लोटून धरलं, आणि घराकडे तोंड करून दोन्ही हातांनी एप्रन झटकू लागली, कोंबड्या हाकलतात तसा. खाटेच्या बाजूने, कोपऱ्यातून, टेबलाखालून. “आवे मारिया,” ती प्रार्थना पुटपुटत होती, आणि मधेच, “हूश. निघ. निघ बाहेर.” तिच्या मागे उघड्या दारात संध्याकाळ उभी होती आणि त्या संध्याकाळीतून ते बारीक गुणगुणणं आत येत होतं.

डॉक्टर उठून धावले. तिला आत ओढलं. वीट पायाने उडवली. थाड्. थाड्.

“रोज?” त्यांनी विचारलं.

“रोज. गाडी यायच्या आत. सगळा कोंडा काढायचा नि दार हाताने हळू मिटायचं, नाहीतर हिला ऐकू जातं. हिला पटत नाही, उगाच घरात भांडण नको.” नोन्ना माझ्याकडे वळली. तिने मान ताठ केली होती. “नेल्लोला मी खांद्यावर घ्यायची तेव्हा. उंच. तरी त्याला गाठलं. पण रोज काढत होते म्हणून ही एक तरी वाचली, एर्सिलिया.”

डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला. ते इंग्रजाकडे वळले आणि त्यांचा चेहरा उजळला होता. “पाहिलंत? जाळीचा दोष नव्हता. जाळी बरोबरच होती.” माझ्या मुलाच्या मरणाचं उत्तर सापडलं आणि एका माणसाला इतकं हायसं वाटलं. वाईट माणूस नव्हता तो. पुढच्या वर्षी तो आणखी किती घरांना जाळ्या ठोकणार होता, किती पोरं वाचणार होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मग त्यांनी नोन्नाला समोर बसवून समजावलं. आवाज चढवला नाही. डास नेमका त्याच वेळी बाहेर पडतो. दार उघडं म्हणजे त्याला आवतण. आणि एकदा दार मिटलं की जाळी त्याला आतच ठेवते, रात्रभर, झोपलेल्या मुलांबरोबर. ते बोटांनी दाखवत होते, डास कसा आत येतो, कसा बसतो. नोन्ना त्यांच्या बोटांकडे बघत होती. तिचा चेहरा हळूहळू असा होत गेला जसं चुलीतलं लाकूड विझतं, बाहेरून आत.

“पण हवा,” ती म्हणाली.

“हवेत काही वाईट नाही, आजीबाई. नव्हतंच कधी.”

“तुम्हीच म्हणता ना, माल-आरिया?”

“ते नुसतं नाव आहे.”

“माझ्या आईने तेच नाव सांगितलं. पाद्र्याने तेच. जमीनदाराने तेच. स्टेशनवरच्या सरकारी पाटीवर तेच आहे, सेत्तिमियोने मला वाचून दाखवलंय. तुम्ही आत्ता आलात तेव्हापासून तेच म्हणताय.” ती उठून उभी राहिली. “सगळे म्हणतात हवा. हवेपासून पोरांना वाचवा. मग म्हातारीने काय मिटायचं आणि काय उघडायचं? डास होता तर डास म्हणायचं होतं! शंभर वर्षं कुणाच्या तोंडाला काय झालं होतं?”

इंग्रज एवढंच म्हणाला, अगदी खाली बघून, “आमच्याकडे कुणी असं दार उघडलं नसतं. आमच्याकडे त्या शब्दात हवा नाही.”

त्याला काही वाईट म्हणायचं नव्हतं. पण ते खरंच होतं. त्यांनी शब्द उचलून नेला तेव्हा आतली हवा इथेच सांडून गेले. आम्हाला तो हवेसकट बोलावा लागला, आणि हवेसकट जगावा लागला.

सेत्तिमियो फाटकावरून आला, आत सगळे उभे, वीट जमिनीवर. कुणीतरी त्याला सांगितलं. तो आईकडे बघत राहिला आणि मग खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला. कितीतरी वेळ, नाड्या सुटल्यानंतरही.

दुसऱ्या दिवसापासून नोन्ना घंटेच्या आधी जाळीबाहेर जाऊन बसायला लागली. विहिरीपाशी दगडी बाक आहे, त्यावर. काळोख दाट झाल्यावर अवजारांच्या खोलीत झोपायची. सेत्तिमियो तिला हाताला धरून आणायला जायचा, रडायचा, शिव्या द्यायचा. ती म्हणायची, “अरे, मला चावून चावून डास म्हातारे झाले. मला काय होतंय? जा, दार मीट, पोरगी आत आहे.” एकदा त्याने तिला उचलूनच आणली. पहाटे पाहिलं तर पुन्हा बाकावर.

सेत्तिमियो मला म्हणायचा, “तू बोलाव. तू म्हटलंस तर येईल. ती तुझ्याच शब्दाची वाट बघतेय.”

मला ते ठाऊक होतं. रोज संध्याकाळी काळी जाळी आणि हातमोजे घालून मी तिच्या समोरून फाटकाकडे जायची आणि तिच्या समोरून परत यायची. ती मान वर करायची. माझ्या ओठांवर यायचं, नोन्ना, चला आत. आणि त्याच ओठांवर ते कडू यायचं, माझ्याच बोटाचं. माझ्या नेल्लोला तिने माझ्याहून जास्त वेळ कडेवर वागवलं होतं. त्याच्यासाठी तिने रात्रीच्या रात्री खाटेखाली वाकून काढल्या होत्या. एखाद्या चोराने दार उघडलं असतं तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. इथे कुणाला घालू?

ऑक्टोबर लागला. कापणीवाले झोपड्या जाळून डोंगरावर परतले. धुकं लवकर उतरायला लागलं. काल नोन्नाला खोकला लागलेला मी फाटकावरून ऐकला.

आज गाडी गेली, मी दांडा वर केला आणि परत आले. ती बाकावर बसली होती. धुकं तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. एक हात मांडीवर, दुसरा खांद्याशी, पंजा पसरलेला, मूल उंच धरून त्याची पाठ थोपटावी तसा. आणि तो हात हळू हळू थोपटत होता. मी थांबले. तिने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही.

बाहेरचं दार उघडून मी आत शिरले. ते माझ्या पाठीमागे मिटलं. थाड्. आतल्या दाराच्या जाळीला नाक लावून झेलिंदा उभी होती, जाळीचे चौकोन तिच्या नाकावर उमटलेले.

“मम्मा, नोन्नाला आण ना आत. ती खोकतेय.”

मी दोन दारांच्या मधे उभी राहिले. काळी जाळी तोंडावर तशीच होती.

“मम्मा, डॉक्टर म्हणाले ना, हवा वाईट नव्हती?”

“नव्हती.”

“आणि नोन्ना पण वाईट नाहीये.”

“नाही गं.”

तिने जाळीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “मग मम्मा, वाईट कोण होतं?”